अण्णांच्या दिवसाचं अ‍ॅव्हरेज

आमची पिकअप चौदा वर्षांची झाली होती तेव्हाची ही गोष्ट. गाडी दोघा भावांची, माझी आणि माझ्या थोरल्या भावाची. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. ते माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. मला स्टेअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं, तेही माळावर, रिकाम्या गाडीत, माझ्या मांडीवर एक हात ठेवून. पाय घाई करायला लागला की ते मांडी दाबायचे. बोलायचे नाहीत.

येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर खव्याच्या भट्ट्या आहेत. सकाळी भट्ट्यांवरून खवा गोळा करायचा, आठच्या आत निघायचं, येडशी, धाराशिव, तुळजापूर करत घाट उतरून सोलापूरच्या व्यापाऱ्यांना पोचवायचा. येताना सरकी पेंडीची पोती भरायची आणि तोच घाट चढून परत यायचं. एक दिवस अण्णा, एक दिवस मी. असं नऊ वर्षं चाललं होतं. गाडी कुणी कशी चालवली हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.

उन्हाळा लागता लागता डिझेल पुरेना. आधी टाकी भरली की दोन फेऱ्या आणि वर थोडं व्हायचं. आता दुसऱ्या फेरीत धाराशिवच्या अलीकडंच काटा खाली यायचा. लिटरला तेरा देणारी गाडी दहावर आली होती. भट्टीवाले भाडं वाढवून द्यायला तयार नव्हते आणि एक नवी गाडी गावात येऊन उभी राहिली होती. तिचा मालक भट्ट्या-भट्ट्यांवर चहा पीत फिरत होता. आमची जुनी गाडी टिकायची असेल तर तिचा घास कमी करावाच लागणार होता. ते काम मी अंगावर घेतलं.

धाराशिवला एक जुने मिस्त्री आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. डिझेल पंपात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी बॉनेट उघडून आधी नुसता कान दिला. मग म्हणाले, "इंजन थंडं चालतंय बाबा. थर्मोस्टॅट कुणी काढला?"

गाडी गरम होते म्हणून मागं कधीतरी आम्हीच ती पाण्याची झडप काढून टाकायला लावली होती. चाचांनी मान हलवली. थंड इंजिन जास्त डिझेल पितं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी नवा थर्मोस्टॅट बसवला. नोझल काढून तपासले, चारातले दोन फवारा मारायच्या ऐवजी थेंब टाकत होते, ते बदलले. एअर फिल्टर झटकून झटकून पार चाळणी झाला होता, तो फेकून दिला. मागचं डावं चाक हातानं फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबायचं. ब्रेक घासत होता. तो सैल करून घेतला. मी स्वतः रोज सकाळी चाकांतली हवा बघायला लागलो, हौद्यावरची ताडपत्री फडफडू नये म्हणून दोरीनं आवळायला लागलो, आणि पन्नास-पंचावन्नच्या वर काटा जाऊ देईना.

फरक पडला. माझ्या फेरीला गाडी साडेबारा द्यायला लागली. मी टाकी तोंडापर्यंत भरायचो, संध्याकाळी त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरायचो, आणि किलोमीटरला लिटरनं भागायचो. एकदा तर तेरा आलं. त्या दिवशी मी घरी येऊन जेवताना दोनदा सांगितलं. अण्णा नुसतं "चांगलं झालं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची फेरी होती. आल्यावर मी भागाकार केला. साडेनऊ.

एखादा दिवस म्हणून सोडून दिलं. वारा समोरून असेल, पेंडीचं ओझं जास्त असेल. पण तीन आठवडे बघितलं. माझ्या दिवशी साडेबारा-तेरा, त्यांच्या दिवशी नऊ-साडेनऊ. तीच गाडी, तोच रस्ता, तेवढीच पोती. मी चाचांकडं गेलो. त्यांनी पुन्हा सगळं तपासलं आणि कापडानं हात पुसत म्हणाले, "गाडीत आता काढायसारखं काय न्हाय. आता चालवणाऱ्यात बघ."

त्या वाक्याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला. रस्त्यावर डिझेल काढून विकणारे ड्रायव्हर आम्ही सगळ्यांनीच पाहिलेले. एक पाइप, एक कॅन, पाच मिनिटांचं काम. पण हे अण्णा होते. मला दहावीच्या परीक्षेला सायकलवर कळंबला नेऊन तीन-तीन तास शाळेच्या फाटकाशी उभे राहणारे. मी स्वतःला शिव्या घातल्या. तरी रात्री अंथरुणावर पडलो की साडेनऊ आणि साडेबारा हे दोन आकडे समोर यायचे.

घरात बोलणं आटलं. मी त्यांना एकदाच विचारलं, तेही गाडी धुताना, त्यांच्याकडं न बघता. "अण्णा, तुमच्या फेरीला डिझेल लई लागतंय. काय कळतंय का तुम्हाला?"

त्यांनी हातातलं फडकं पिळलं. मग म्हणाले, "बघतो."

"गाडी कुठं थांबवता का मधी?"

"थांबवतो की. चहाला."

"चहालाच?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाइप हातात घेऊन चाकावर पाणी मारत राहिलो.

पुढच्या आठवड्यात मी टाकीच्या झाकणाला कुलूप बसवलं. किल्ली माझ्या खिशात. डिझेल मीच भरणार म्हणून सांगितलं. कारण दिलं, की हल्ली रस्त्यात चोऱ्या वाढल्यात. अण्णा कुलपाकडं बघत उभे राहिले. वहिनी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. अण्णा गाडीत बसले, एका दमात गाडी सुरू केली आणि निघून गेले. त्या दिवसापासून वहिनी मला चहा देताना कप जमिनीवर ठेवायला लागल्या, हातात देईनात.

कुलूप लावल्यावरही त्यांच्या दिवसाचं अ‍ॅव्हरेज नऊच्या वर गेलं नाही. उलट एकदा साडेआठ आलं. मग माझ्या डोक्यात आलं की टाकीच्या झाकणातून कशाला, खालच्या पाइपातूनही काढता येतं. माणसाला एकदा तसं वाटायला लागलं की वाट सापडतच जाते.

एका सकाळी मी त्यांच्या मागावर गेलो. हे लिहितानाही मला लाज वाटते. त्यांची गाडी निघाल्यावर दहा मिनिटांनी मोटरसायकल काढली, तोंडाला रुमाल बांधला आणि अंतर ठेवून मागं राहिलो. येडशीच्या अलीकडं, झाडी लागते तिथं, त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मी लांब एका ट्रकच्या आडोशाला थांबलो. आता कॅन घेऊन कुणीतरी येणार, मी पुढं जाणार, आणि मग काय करणार ते मला माहीत नव्हतं.

अण्णा उतरले. हौद्याला धरून धरून गाडीच्या मागं आले, तिथल्या लहान पुलाच्या कठड्यावर बसले. डाव्या पायातला बूट काढला. मग तळव्यावर मुठीनं मारायला लागले, जात्याचा खुंटा ठोकावा तसं. मग उजवा बूट काढला, उजव्या तळव्यावर तसंच. पाच-सात मिनिटं त्यांचं तेच चाललं होतं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मग बूट घातले आणि गाडीत बसून निघाले.

कुणीही आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी असा विचार केला की त्यांनी मला आरशात पाहिलं असणार, म्हणून आज ते तसेच पुढं गेले. पायाचं मला काही वाटलं नाही. गाडी चालवणाऱ्याचे पाय दुखतातच.

आणखी चार दिवसांनी मी सरळ त्यांच्या फेरीला बरोबर निघालो. "पेंडीच्या दुकानदाराशी बोलायचंय," म्हणालो. अण्णांनी बाजूच्या सीटवरचा पंचा उचलून मला जागा केली. मी त्यांचं चालवणं बघत होतो. हात तसेच पक्के होते, नजर लांबवर. गाडी उगाच पळवत नव्हते. गिअर मात्र टाकताना आधी खाली बघायचे, पायाकडं. याआधी मी त्यांना कधी पायाकडं बघताना पाहिलं नव्हतं.

सोलापुरात खवा उतरवला, पोती भरली. परतताना ऊन उभं होतं. घाटाच्या पायथ्याशी अण्णांनी दुसरा गिअर टाकला आणि गाडी चढायला लागली. पहिलं वळण गेलं. मग मला आवाज वेगळा वाटला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी त्या मानानं पुढं सरकत नव्हती. आणि वास आला. केस जळल्यासारखा. क्लच प्लेटचा वास ओळखायला मिस्त्री लागत नाही.

मी खाली पाहिलं. अण्णांचा डावा पाय क्लचच्या पेडलवर होता. नुसता टेकलेला नाही, चांगला दोन बोटं दाबलेला.

"अण्णा, क्लचवरचा पाय काढा."

"काढलेलाच हाय."

"न्हाय, अण्णा. वर हाय तुमचा पाय."

"आरं काढलाय म्हणलं ना." त्यांनी समोरून नजर हटवली नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा आवाज मला लहानपणापासून माहीत आहे. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांचा पाय खाली, मॅटवर आहे.

मी वाकलो, त्यांचं नडगीचं हाड धरलं आणि पाय उचलून बाजूला ठेवला. इंजिनाचा आवाज जरा खाली आला, पण गाडी ओढेना. प्लेट संपली होती. दुसऱ्या वळणाच्या मधोमध गाडी थांबली, एक क्षण तशीच राहिली आणि मागं सरकायला लागली.

मागं उसाच्या मळीचा टँकर होता. मला आरशात त्याचं सगळं तोंड दिसत होतं. त्यानं हॉर्न धरला तो सोडेचना.

"ब्रेक," मी म्हणालो.

"दाबलाय," अण्णा म्हणाले. आणि गाडी सरकतच होती.

तेव्हा मला कळलं. डाव्या पायाचं जे, तेच उजव्याचं. त्यांचा उजवा पाय ब्रेकच्या कडेवर होता, बुटाची टाच मॅटला अडकलेली, आणि ते सगळी ताकद लावून पायाखालची फळी दाबत होते. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी कुरकुरली, पोती मागं आदळली, पण ती हळू झाली. मी दार उघडून उडी टाकली. घाटाच्या भिंतीखाली दगड पडलेले असतात, त्यातला हातात येईल तो उचलून मागच्या चाकाखाली घातला, मग दुसरा घातला. गाडी थांबली. टँकर आमच्यापासून हात-दीड हातावर उभा होता. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आत बसलेल्या अण्णांकडं, आणि तोही एक दगड आणून दुसऱ्या चाकाला लावला.

अण्णांना उतरवून मी भिंतीच्या सावलीत बसवलं. मी त्यांच्या उजव्या पायातला बूट काढला. मोजा करंगळीच्या बाजूनं ओला होता. बूट उलटा केला तर तळातून पेंडीचं पोतं शिवायच्या सुतळीत अडकलेला एक बारीक खिळा बाहेर पडला. तो कधीपासून आत होता देव जाणे. जखम काळी पडली होती.

"हे दुखत न्हवतं का?"

"न्हाय," ते म्हणाले. जखमेकडं ते दुसऱ्याचा पाय बघावा तसं बघत होते.

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं मुंग्या येत व्हत्या. मग त्या बी गेल्या." ते थोडं थांबले. "सकाळी मारून मारून जागं करतो. जरा वेळ बरं वाटतंय."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू गाडी दिली असतीस का मला?"

खरं उत्तर दोघांना माहीत होतं.

"तू कुलूप लावलंस तवा मला वाटलं, सांगून टाकावं," ते म्हणाले. "पर म्हणलं, ह्याला चोरी वाटतीय तर वाटू दे. चोरी न्हाय हे एक ना एक दिवस कळंल. पाय गेलाय हे कळलं तर गाडी कायमचीच गेली."

मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसलो होतो. माफी मागायची होती, पण नुसता पंच्यानं पायावरची धूळ पुसत राहिलो. टँकर बाजूनं निघून गेला. दुसऱ्या एका गाडीवाल्यानं आमची पोती घेतली आणि एका ट्रॅक्टरनं रिकामी पिकअप दोरखंडानं ओढत वर तुळजापूरला आणली.

तुळजापुरात डॉक्टरांनी जखम धुतली आणि साखर तपासली. आकडा बघून त्यांनी उद्याच्या उद्या धाराशिवला मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. पायाच्या नसा साखरेनं मेल्यात, असं त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. अण्णांनी एकच विचारलं, "गाडी चालवता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "आधी पाय वाचवू." त्यानंतर अण्णांनी तो प्रश्न कुणालाच विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी धाराशिवला तपासण्या झाल्या. रिपोर्ट दुपारी मिळणार होता. गाडी चाचांच्या गॅरेजात ओढून आणलेली होती. अण्णा म्हणाले, तिथं जाऊ. मी नको म्हणालो तर ते पट्टी बांधलेला पाय टाकत रिक्षाकडं निघाले.

चाचांनी गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट काढली आणि आमच्यापुढं धरली. रिव्हेटांपर्यंत झिजलेली, कडेला निळी पडलेली.

"असं ओझ्यानं होत न्हाय," ते म्हणाले. "कायम कुणाचातरी पाय पेडलवर हाय. इंजनाची निम्मी ताकद हितंच घसरून जाती, मग डिझेल कुठनं पुरंल? कोण चालवतं असं?"

"मी," मी म्हणालो.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्या फेऱ्यांचे आकडे माझ्याच तोंडून तीन महिने ऐकले होते.

"ह्यो न्हाय," अण्णा स्टुलावरून म्हणाले. "मी हाय, चाचा. माझ्या पायाला कळत न्हाय."

चाचांनी प्लेट खाली ठेवली. त्यांनी आतून दुसरं स्टूल आणून अण्णांचा पाय त्यावर उचलून ठेवला आणि कामाला लागले. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "म्या तुला चालवणाऱ्यात बघ म्हणलो व्हतो," ते हळू म्हणाले, "त्याच्यावर नजर ठेव म्हणलो न्हवतो."

पायाची करंगळी काढावी लागली. जखम भरायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत रोजची फेरी मीच केली. नवीन प्लेट टाकल्यावर गाडी तेराच्या खाली आली नाही, ओझ्यासकट घाट चढूनही. पूर्वी हा आकडा मी घरी येऊन दोनदा सांगितला असता. आता वहिनी विचारायच्या, "गाडी कशी हाय?" आणि मी "बरी हाय" म्हणायचो. एका दिवशी त्यांनी कप माझ्या हातात दिला. तेवढंच.

माफी मी शेवटी मागितली, ड्रेसिंगला नेताना, रिक्षात. रिक्षाच्या आवाजात त्यांना नीट ऐकू आलं नसावं असं मला वाटलं, म्हणून पुन्हा म्हणायला लागलो. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवून ती दाबली.

आता भट्ट्यांचं काम अण्णा बघतात. कुणाचा खवा किती येणार, कुणाची भट्टी उशिरा लागली, हे सकाळी फोनवर ठरवतात, आणि नव्या गाडीवाल्याकडं गेलेल्या दोन भट्ट्या त्यांनी बोलून परत आणल्या. रोज संध्याकाळी वहिनी बॅटरी लावून त्यांचे तळवे बघतात, कुठं चिरा, कुठं फोड. सुरुवातीला ते लाजायचे. आता टीव्ही बघत पाय पुढं करतात.

मागच्या थंडीत एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर अंगणात गाडी सुरू होती. अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. गाडी जागची हलली नव्हती, हँडब्रेक ओढलेला होता, गिअर न्यूट्रलला. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोरच्या कुंपणावर. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला हातानंच थांबवलं. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. इंजिन गरम होऊन आवाज एकसारखा झाला तशी त्यांनी मान हलवली, किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि दाराला धरून हळूहळू खाली उतरले.

"उगं डिझेल जळतंय," ते म्हणाले आणि भट्टीवाल्याला फोन लावायला आत गेले.